खिंड दिवसाची, उंची रात्रीची

डोंगररांगेची धार जिथे खचलेली असते तिथून पलीकडच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेला मराठीत खिंड म्हणतात आणि लडाखी व तिबेटी भाषांत ‘ला’. म्हणूनच लेहकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या नकाशावर झोजी ला, फोटू ला, बारालाचा ला, तांगलांग ला अशी नावे एकामागून एक दिसतात. हे मुख्य रस्ते दोन आहेत, एक श्रीनगरहून आणि दुसरा मनालीहून निघणारा, आणि दोन्हींची लांबी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर येथून स्वतःची गाडी घेऊन, आजी-आजोबा आणि शाळकरी मुलांसह या रस्त्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची वर्दळ चांगलीच वाढली आहे. घाटात गाडी चालवण्याची सवय असलेल्या माणसाला हा प्रवास म्हणजे आणखी मोठे घाट एवढेच वाटणे स्वाभाविक आहे, परंतु इथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर उंचीमुळे होणाऱ्या आजारांचा विचार वैद्यकशास्त्र साधारण २,५०० मीटरपासून पुढे करते; म्हणजे सह्याद्रीतील आयुष्यभराची भटकंतीही या उंबरठ्याच्या बऱ्याच खाली राहते. घाटाच्या अनुभवाने हात तयार होतात, श्वास तयार होत नाही, आणि म्हणून अशा प्रवासाची आखणी कोणकोणत्या खिंडी पाहायच्या यावरून न करता कोणती रात्र किती उंचीवर काढायची यावरून करणे अगत्याचे ठरते.

या रस्त्यांवर माणसाला उंची बाधते हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सोळाव्या शतकात लडाख आणि तिबेटच्या मुलखात मोहिमेवर आलेला मिर्झा हैदर दुघलात याने ‘तारीख-ए-रशिदी’ या ग्रंथात ‘दम-गिरी’ या नावाने तेथील बाधेचे वर्णन केले आहे. परंतु तिचा शास्त्रीय अभ्यास व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. उंचीवर फुप्फुसांत पाणी होऊन माणूस दगावतो, तेव्हा तो न्यूमोनिया नसून स्वतंत्र विकार असतो, हे अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली मांडले. पुढे १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातील भारतीय जवानांना अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले आणि त्यांच्यात उंचीच्या बाधेचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले; इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला शोधनिबंध १९६९ साली प्रसिद्ध केला, जो आजही या विषयातील पायाभूत अभ्यासांत गणला जातो. म्हणजे आज सुट्टीसाठी निघालेल्या कुटुंबाला जी खबरदारी सांगितली जाते, तिच्यामागे याच पर्वतांत धडधाकट तरुणांनी सोसलेले आजार आणि मृत्यू आहेत, आणि ती गांभीर्याने घेण्यास एवढे कारण पुरेसे असावे.

बाधा होते ती हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटल्यामुळे, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते प्रमाण समुद्रकाठी आणि खिंडीच्या माथ्यावर सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते; घटतो तो हवेचा दाब, आणि दाब घटला की प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत शिरणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो आणि ५,३०० मीटरच्या आसपासच्या तांगलांग लावर निम्म्याहून थोडाच अधिक. घरून नेलेले वेफर्सचे बंद पाकीट मनाली सोडल्यावर टम्म फुगत जाते आणि बारालाचापर्यंत कधीकधी फटकन फुटते, ते बाहेरचा दाब उतरल्याची खूण म्हणून मुलांना दाखवण्यासारखे आहे. दाब उतरला की शरीर आधी श्वासाची गती वाढवते. त्यामुळे कर्बवायू जास्त बाहेर पडून रक्ताचा अल्कधर्मी गुण वाढतो, आणि मग मूत्रपिंडे हा तोल सावरण्याचे काम हाती घेतात, ज्याला दोन-चार दिवस लागतात. या जुळवून घेण्यालाच उंचीची सवय होणे म्हणतात. डॉक्टर डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी गोळी देतात ती मूत्रपिंडांच्या याच कामाला वेग देते. ती बाधा लपवत नाही, पण सल्फा औषधांचे वावडे असणाऱ्यांनी आणि मुलांच्या बाबतीत सर्वांनीच ती वैद्यकीय सल्ल्याखेरीज घेऊ नये.

इथे एक गोष्ट कळीची आहे, जी प्रवासाच्या आखणीत बहुतेकदा निसटते. साधी बाधा, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गळून जाणे, ही उंचीवर पोहोचल्याबरोबर सुरू होत नाही. तिला साधारणतः सहा ते बारा तास लागतात. त्यामुळे खिंडीच्या माथ्यावर पताकांपाशी छायाचित्रे काढताना सगळे कुटुंब ठणठणीत असते, तिथून निघाल्यावर ‘आपल्याला काहीच झाले नाही’ असा विश्वास बळावतो, आणि त्याच रात्री उंचावरच्या तंबूत एकेकाचे डोके ठणकू लागते. दिवसा तासाभरासाठी ओलांडलेली पाच हजार मीटरची खिंड शरीर बहुधा निभावून नेते. रात्रभर झोपलेली चार हजार मीटरची जागा मात्र ते सहज निभावत नाही. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण दंडक आहे. लष्कर तर याहून सावध असते: सुमारे ९,००० ते १२,००० फुटांसाठी सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी चार आणि त्यापुढच्या उंचीसाठी पुन्हा चार दिवस, असे जवानांना टप्प्याटप्प्याने सरावाला ठेवले जाते. व्यायामाने कसलेल्या विशीतल्या तरुणांसाठी जिथे चौदा दिवस राखले जातात, तिथे कार्यालयातून मोजकी रजा घेऊन निघालेले कुटुंब हाच चढ दोन दिवसांत उरकू पाहते. तंदुरुस्तीमुळे या बाधेपासून संरक्षण मिळत नाही हे लक्षात घेतले तर या विसंगतीचे गांभीर्य कळेल.

झोपण्याच्या उंचीचा हा निकष लावला की दोन रस्त्यांमधील फरक आपोआप उघड होतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आणि सोनमर्ग पावणेतीन हजारांच्या आसपास आहे. तिथून पुढे ३,५२८ मीटर उंचीची झोजी ला लागते, जिथे १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांनी कोणाच्या ध्यानीमनी नसताना रणगाडे चढवून लडाखचा मार्ग मोकळा केला होता. खिंडीपलीकडे द्रास ओलांडून मुक्काम पडतो तो २,७०० मीटरच्या जवळपास असलेल्या कारगिलला, म्हणजे झोपायची जागा पुन्हा सोनमर्गच्या पातळीवर येते. दुसऱ्या दिवशी नमिका ला आणि या रस्त्यावरची सर्वांत उंच, ४,१०८ मीटरची फोटू ला ओलांडून, लामायुरूचा मठ आणि त्याभोवतालच्या पिवळसर मातीच्या चमत्कारिक टेकड्या पाहून लेहला उतरता येते. दिवसा उंच चढायचे आणि रात्री खाली येऊन झोपायचे, हा गिर्यारोहकांचा जुना शिरस्ता या रस्त्याच्या भूगोलातच आलेला आहे.

मनालीचा रस्ता याच्या उलट वागतो. मनाली २,००० मीटरच्या थोडे वर, लाहौलमधील केलांग आणि जिस्पा ३,१०० ते ३,२०० मीटरवर, इथवर सारे ठीक असते. जिस्पानंतर मात्र सुमारे ४,८९० मीटरची बारालाचा ला ओलांडून जो नेहमीचा मुक्काम येतो तो सर्चू, आणि सर्चूची उंची ४,२०० मीटरच्या वर आहे. म्हणजे एका रात्रीत झोपण्याची उंची हजार मीटरहून अधिक वाढते, जे वर सांगितलेल्या दंडकाच्या दुपटीहून जास्त भरते. हिमाचल आणि लडाखच्या सीमेवरचे हे मोकळे, वाऱ्याने झोडपलेले पठार दिवसा विलक्षण देखणे दिसते. रात्री मात्र तंबूत एक प्रकार हमखास घडतो: झोपलेल्या माणसाचा श्वास हळूहळू उथळ होत जातो, काही क्षण पूर्ण थांबतो, शेजारचा जागा माणूस घाबरून उठून बसतो, आणि तेवढ्यात झोपलेला एक खोल उसासा टाकून पुन्हा भराभर श्वास घेऊ लागतो. कर्बवायू कमी झाल्याने मेंदूतील श्वासकेंद्राला श्वास घेण्याची निकड काही वेळ जाणवत नाही, म्हणून हे होते. हा प्रकार एरवी धोक्याचा नाही, पण तो अनेक रात्रींची झोप मोडतो आणि दुसऱ्या दिवशी सुकाणूवर बसणाऱ्याला अर्धवट झोपेनिशी पुढचा सर्वांत अवघड टप्पा गाठावा लागतो. हा टप्पा म्हणजे गाटा लूप्सची एकवीस वळणे, त्यानंतर नकी ला आणि लाचुलुंग ला, मग ४,६०० मीटरवरचे पांग, पुढे मोरे मैदानाचा सुमारे चाळीस किलोमीटरचा सरळ सपाट पट्टा आणि शेवटी तांगलांग ला. त्यानंतरच रस्ता रुमत्सेवरून उपशीला सिंधूच्या काठी उतरतो.

म्हणून ज्यांच्याबरोबर मुले किंवा वडीलधारी माणसे आहेत त्यांनी श्रीनगरकडून चढावे आणि मनालीकडून उतरावे, ही शिफारस केवळ सोयीची नसून शरीरशास्त्राची आहे. उतरण्याच्या वेळेपर्यंत लेहमधल्या मुक्कामांनी रक्त तयार झालेले असते आणि सर्चूची तीच रात्र बऱ्यापैकी सुखाची जाते. लेहमधील पहिले दोन दिवस काहीही न करण्यासाठी राखून ठेवावेत. बाजारात रमतगमत फिरणे चालेल, पण तिसऱ्या दिवसाआधी खार्दुंग लाकडे गाडी वळवू नये. लेहच्या पलीकडेही क्रम महत्त्वाचा आहे. खार्दुंग ला ओलांडल्यावर लागणारे नुब्राचे हुंदर गाव लेहपेक्षाही खाली आहे, तर पँगाँग सरोवराचा काठ ४,२०० मीटरच्या वर, म्हणून आधी नुब्रा आणि नंतर पँगाँग हा क्रम शहाणपणाचा. खार्दुंग लावरील जुना फलक १८,३८० फूट उंचीचा दावा करीत असे, तर आधुनिक मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. हा तपशील छायाचित्र काढणाऱ्याला खटकेल, पण फुप्फुसांना त्याने काहीच फरक पडत नाही, आणि माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांहून अधिक न रेंगाळण्याचा नियम दोन्ही आकड्यांना सारखाच लागू होतो.

लहान मुलांच्या बाबतीत खरी अडचण निराळी असते. मुलांना उंची मोठ्यांपेक्षा अधिक बाधते असे नाही, पण तीन-चार वर्षांचे मूल ‘डोके दुखते’ असे नेमके सांगू शकत नाही. ते किरकिर करते, खेळायचे थांबते, आवडीचा खाऊही नाकारते, गाडीत अकारण झोपेला येते, आणि पालक हे सारे प्रवासाच्या शिणावर किंवा गाडी लागण्यावर ढकलतात. अशा उंचीवर मुलाच्या वागण्यातला असा बदल, उलट सिद्ध होईपर्यंत, उंचीचीच बाधा समजावी, असे डॉक्टर बजावतात, आणि घरोघरीच्या आयांनी हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी बरेच अनर्थ टळतील. नुकताच सर्दी-खोकला होऊन गेलेल्या मुलांत फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात मूल आजारी पडले तर बेत पुढे ढकलणेच बरे. आजी-आजोबांच्या बाबतीत नुसते वय हा अडसर नव्हे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ही खरी कारणे, आणि त्यांची तपासणी घरीच करून निघावे. कोविडच्या काळात अनेक घरांत आलेले बोटाला लावायचे प्राणवायुमापक यंत्र इथे उपयोगी पडते, मात्र लेहच्या पहिल्या दिवशी ८५ ते ९० च्या दरम्यानचा आकडा निरोगी माणसातही दिसू शकतो, हे ठाऊक नसेल तर ते यंत्र नाहक घबराट पसरवते. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. बसून राहूनही धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात असंबद्धता, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. प्राणवायूची छोटी नळकांडी काही मिनिटांपुरतीच पुरतात आणि ती उतरण्याला पर्याय होऊ शकत नाहीत. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय आहे आणि पांगच्या लष्करी छावणीत प्रवाशांना तातडीची मदत मिळते, पण यांच्या दरम्यानची अंतरे मोठी आहेत.

विरळ हवा गाडीलाही सोडत नाही. इंधन जळण्यासाठी लागणारा प्राणवायू कमी पडल्याने साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे माल आणि माणसांनी भरलेली गाडी तांगलांग लाच्या चढावर जवळपास अर्ध्या बळावर चालते. टर्बो असलेली इंजिने हवा दाबून आत घेत असल्यामुळे ही उणीव बरीच भरून काढतात. चढावर क्लच अर्धवट दाबून गाडी रेटण्याची सवय इथे महागात पडते, आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून येण्याची सवय त्याहून महागात. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या अटकावावर उतरावे, ही कसारा-खंडाळ्याची शिकवण इथे तंतोतंत कामी येते. स्वयंपाकाचेही तसेच आहे: लेहमध्ये पाणी सुमारे ८८ अंशांवर आणि पाच हजार मीटरवर ८३ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात कितीही वेळ ठेवला तरी कण राहतो आणि ढाब्यांच्या तंबूंतून सतत कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. इंधनाबाबत सांगायचे तर चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावरील तांदी गावाच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक वर्षानुवर्षे उभा होता, आणि टाकी तिथेच काठोकाठ भरण्याची रीत आजही मोडू नये. इतर राज्यांतील प्रीपेड मोबाइल लडाखमध्ये चालत नाहीत. तसेच स्वतः चालवण्यासाठी परराज्यातून भाड्याने आणलेल्या गाडीने लडाखात स्थलदर्शन करण्यास तेथील टॅक्सीचालकांच्या संघटनांचा ठाम विरोध असतो, म्हणून गाडी स्वतःची असावी किंवा तेथील टॅक्सी करावी.

वाटेतील नाले हा या रस्त्यांचा खास भाग आहे. खिंडीच्या दोन्ही अंगांना, विशेषतः बारालाचाच्या पायथ्याशी झिंगझिंगबारच्या परिसरात, बर्फ वितळून आलेले पाणी थेट रस्त्यावरून वाहते. रात्रीच्या थंडीत वितळणे मंदावत असल्याने पहाटे तेथे घोटाभर पाणी असते, तर उन्हे चढली की दुपारी तोच ओहोळ दगड वाहून आणण्याइतका फुगतो. म्हणून जाणते चालक उजाडताच निघतात आणि दुपारपर्यंत नाल्यांचा पट्टा मागे टाकतात. पहाटे उरतो तो धोका डांबरावर गोठलेल्या पारदर्शक बर्फाचा, जो दिसत नाही आणि ज्यावर ब्रेक लावला की गाडी आडवी होते. हे रस्ते दर उन्हाळ्यात नव्याने वाहते केले जातात ते १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेमुळे, आणि त्यातही झारखंडच्या दुमका भागातून येणाऱ्या मजुरांमुळे, जे प्रवासी जिथे वीस मिनिटे थांबायला कचरतात अशा उंचीवर महिनोन्महिने तंबूत राहून, डांबराच्या धुरात, हातांनी दगड रचतात. त्यांच्याजवळून जाताना गाडीचा वेग कमी करणे, धूळ न उडवणे, एवढे सौजन्य प्रत्येक प्रवाशाने पाळलेच पाहिजे.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत जाचक प्रश्न पंचांगाचा आहे. शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्याला संपते, तर मनाली-लेह रस्ता बर्फ काढून खुला होतो तो अनेकदा मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या सुरुवातीला. परिणामी बहुतेक कुटुंबे नेमक्या अशा वेळी पोहोचतात जेव्हा बारालाचाच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात आणि नाले सर्वाधिक बेभरवशाचे असतात. दिवाळीच्या सुट्टीत उलटी अडचण, कारण तोवर कडाका सुरू होऊन खिंडी मिटू लागलेल्या असतात. रस्त्यांसाठी सर्वांत चांगला महिना सप्टेंबर. ज्यांची मुले शाळेत जाण्याइतकी मोठी नाहीत किंवा शिकून बाहेर पडली आहेत त्यांनी गणपती उठल्यावर निघावे.

बोगद्यांमुळे या प्रवासाचा नकाशा झपाट्याने बदलतो आहे. पीर पंजाल रांगेखालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड मुख्य रस्त्यातून वगळली गेली. सोनमर्गजवळचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ पासून वापरात आहे, झोजी लाखालचा सुमारे तेरा किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे, आणि दारच्याहून झांस्करमार्गे निम्मूला जाणाऱ्या तिसऱ्या रस्त्यावर शिंकू लाखाली १५,८०० फूट उंचीवरील बोगद्याचे काम जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. या कामांनी लाहौल आणि लडाखच्या रहिवाशांची हिवाळ्यातली कोंडी फुटते आहे, आजारी माणसाला रुग्णालय गाठता येते आहे, आणि हा लाभ वादातीत आहे. पर्यटक कुटुंबापुरता मात्र त्याचा एक उलटा परिणाम दिसतो. रोहतांगच्या चिखलात आणि वाहनांच्या रांगांत दिवस संपायचा तेव्हा केलांग किंवा जिस्पाचा मुक्काम आपोआप घडत असे. आता मनालीहून सकाळी निघालेली गाडी दुपारी बारालाचा ओलांडून सर्चूला टेकू शकते, म्हणजे २,००० मीटरवर झोपलेले मूल पुढच्याच रात्री ४,२०० मीटरवर झोपते. बोगद्याने वाचवलेले चार-पाच तास पुढच्या टप्प्यात न घालवता जिस्पाला भागेच्या काठी दोन रात्री काढण्यात घालवले, तर शरीराला एक विसाव्याचा दिवस मिळतो, आणि तिसऱ्या दिवशी उजाडता निघून बारालाचाखालचे नाले पाणी चढण्याआधी पार करता येतात.